सन १७४२ चे पाळणे

सनावळीचा कोणताही ग्रंथ उघडला तर प्रत्येक वर्षापुढे तीन गोष्टी मांडलेल्या आढळतात : घडामोडी, जन्म आणि मृत्यू. पैकी घडामोडी व मृत्यू यांची यादी त्या त्या वेळच्या जाणत्या माणसालाही करता आली असती. लढाई झाली हे गावाला कळते, राजा गेला हे त्याहून लवकर कळते. जन्मांची यादी मात्र त्या वर्षी कोणालाच करता येत नाही. पाळण्यातले मूल पुढे कोण होणार हे ठाऊक नसते. पन्नास-साठ वर्षांनी, ते मूल कर्तेसवरते होऊन, बहुधा मरूनही गेल्यावर, कोणी तरी मागे वळून ते नाव त्या वर्षापुढे घालतो. जन्मांची यादी ही म्हणून नेहमी उलट्या दिशेने लिहिलेली असते, आणि तिच्यात कोण आले यापेक्षा कोण आले नाही हा प्रश्न आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटत आला आहे.

या विचाराने आम्ही इ. स. १७४२ हे एकच वर्ष घेतले आहे. मराठ्यांच्या इतिहासात या वर्षापुढे दोन जन्म ठळकपणे लिहिले जातात. एक बाळाजी जनार्दन भानू ऊर्फ नाना फडणीस यांचा, दुसरा नानासाहेब पेशव्यांचे थोरले पुत्र विश्वासराव यांचा. आपल्या पांढुर्णा-सौंसरच्या दृष्टीने या वर्षाला आणखी एक अर्थ आहे. नागपुरास भोसल्यांचे राज्य कायमचे बसले ते १७४३ मध्ये. म्हणजे १७४२ साली घाटाखालच्या या पट्ट्यात जे मूल जन्मले ते भोसल्यांची रयत म्हणून नव्हे, तर देवगडच्या गोंड राजाची रयत म्हणून जन्मले. आपल्यापैकी कित्येक घराणी स्वतःविषयी जी हकीकत सांगतात तिच्यावर या एका वर्षाचा उजेड पडतो. तो कसा, ते पुढे येईलच.

प्रथम वर्ष म्हणजे काय याचा खुलासा करणे अवश्य आहे. कारण ज्याला आपण बिनदिक्कत १७४२ म्हणतो ते त्या काळी इकडे कोणाच्याच तोंडी नव्हते. शालिवाहन शकाने पाहिले तर या इंग्रजी वर्षाचे पहिले महिने शके १६६३, दुर्मति संवत्सर, यात पडतात, आणि चैत्रापासून पुढे शके १६६४, दुंदुभी संवत्सर, सुरू होते. दरबारी कागदांवर सुहूर सन चाले. तो सूर्य मृग नक्षत्रात शिरला की बदले, म्हणून त्याला मृगसाल म्हणत. पेरणीबरोबर वर्ष बदलणे हे कास्तकाराला चैत्रातल्या गुढीपेक्षाही जवळचे वाटले असावे. खुद्द इंग्रजांचेही १७५२ पर्यंत काही सरळ नव्हते. त्यांचे कॅलेंडर युरोपातील इतर देशांच्या ११ दिवस मागे होते आणि त्यांचे कायदेशीर वर्ष २५ मार्चला लागे. नाना फडणिसांची जन्मतारीख आपण १२ फेब्रुवारी १७४२ अशी देतो. मुंबईतील कंपनीच्या कारकुनाने तोच दिवस १७४१ या सालात घातला असता. तेव्हा एका वर्षातले जन्म असे जे आपण म्हणतो ती कुंपणेच मुळी नंतर घातलेली आहेत. हे मनाशी ठेवून पुढे जावे.

नानांचा जन्म साताऱ्यास झाला. भानूंचे मूळ गाव कोकणातले वेळास. श्रीवर्धनच्या भटांबरोबर हे घराणे घाटावर आले आणि भटांच्या भाग्याबरोबर त्याचेही भाग्य फिरले. नानांचे आजोबा बाळाजी महादेव हे बाळाजी विश्वनाथांबरोबर १७१९ मध्ये दिल्लीस गेले होते. तेथील दंग्यात त्यांनी आपल्या धन्याच्या जागी स्वतःचा प्राण दिला. फडणिशी भानूंकडे स्थिरावली ती या उपकाराच्या आठवणीने. नातवाला आजोबांचेच नाव ठेवले. याचा अर्थ इतकाच की या मुलाचा जन्म लिहून ठेवणारे घर, लिहिता येणारी माणसे, जन्मपत्रिका मांडणारा जोशी आणि ती जपून ठेवण्याचे कारण, या सर्व गोष्टी १७४२ साली पाळण्याजवळ हजर होत्या. वडील जनार्दनपंत १७५६ मध्ये वारले आणि चौदाव्या वर्षी नानांच्या हाती फडाची लेखणी आली.

विश्वासरावांविषयी तर बोलावयासच नको. पेशव्याच्या वाड्यात गोपिकाबाईंच्या पोटी थोरला मुलगा जन्मला, तेव्हा त्याची नोंद होणे न होणे हा प्रश्नच नव्हता.

या दोन समवयस्क मुलांचे पुढचे आयुष्य एका दिवशी एकमेकांजवळ येऊन तुटते. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतच्या रणात दोघेही होते. विश्वासराव अठरा वर्षांचे होते. त्यांना गोळी लागली आणि सदाशिवरावभाऊ त्या दुःखात गर्दीत शिरले हे आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. नाना एकोणिसाव्या वर्षाला टेकले होते. ते लढवय्ये नव्हते, बरेचसे तीर्थयात्रेच्या ओढीने भाऊंबरोबर उत्तरेस आले होते. वेष टाकून, उपाशीतापाशी, पायी रेवाडीच्या वाटेने ते निसटले. त्यांची आई त्या प्रलयात अंतरली. हे सर्व नानांनी आपल्या छोट्याशा आत्मचरित्रात स्वतः लिहून ठेवले आहे. राजकारणी पुरुषाने स्वतःच्या भीतीविषयी इतके उघड लिहावे याचे आम्हांस आजही नवल वाटते. एकाच वर्षी जन्मलेल्या या दोघांत एक गेला म्हणून धाकट्या माधवरावांना सोळाव्या वर्षी पेशवाई मिळाली, आणि दुसरा उरला म्हणून पुढची जवळजवळ चाळीस वर्षे त्या राज्याचे हिशेब व राजकारण कोणी तरी पाहत राहिले. नाना १३ मार्च १८०० रोजी वारले.

जन्माच्या नोंदीला केवढी किंमत असते हे नानांइतके फार थोड्यांनी अनुभवले असेल. नारायणराव पेशव्यांचा ऑगस्ट १७७३ मध्ये खून झाला तेव्हा त्यांची पत्नी गंगाबाई गरोदर होती. राघोबादादांनी पेशवाई घेतली होती. बारभाईंनी गंगाबाईंना पुरंदरावर नेऊन ठेवले आणि सारे राज्य एका न जन्मलेल्या मुलाची वाट पाहत बसले. १८ एप्रिल १७७४ रोजी मुलगा झाला. चाळीसाव्या दिवशी त्याला पेशवाईची वस्त्रे मिळाली. मुलगी झाली असती तर? इतिहासात ‘जर-तर’ला जागा नसते असे म्हणतात, पण पुरंदरावरच्या त्या महिन्यांत नाना आणि सखारामबापू यांच्या मनात दुसरे काय असणार! त्या दिवशी दख्खनेत आणखी किती घरी पाळणे हलले याची विचारपूस कोणी केली नाही. एका पाळण्यावर मात्र गडकोट, फौजा आणि करारमदार लोंबकळत होते.

जगात इतरत्र या वर्षी कोण जन्मले? ९ डिसेंबरला श्ट्रालझुंड येथे कार्ल शीले, १६ डिसेंबरला रोस्टोक येथे ब्ल्यूखर. शीले हा औषधविक्याच्या दुकानात काम करणारा रसायनज्ञ. प्राणवायू त्याने प्रीस्टलीच्या आधी वेगळा केला. परंतु त्याचे पुस्तक छापून बाहेर पडायला १७७७ उजाडले आणि तोवर शोधाचा मान दुसरीकडे गेला होता. नोंद उशिरा झाली की काय होते याचा हा नमुना आपल्या विषयाला सोडून नाही. ब्ल्यूखर हा प्रशियाचा सेनापती. नेपोलियनच्या शेवटच्या पराभवाला वॉटर्लूवर वेळेवर पोहोचला तेव्हा तो बहात्तर वर्षांचा होता. त्याचे समवयस्क नाना त्याआधी पंधरा वर्षे जग सोडून गेले होते. याच १७४२ मध्ये स्वीडनच्या सेल्सियसने उष्णतामापनाची शंभर अंशांची पट्टी सुचविली. गंमत अशी की त्याने उकळत्या पाण्याला शून्य आणि गोठत्या पाण्याला शंभर धरले होते. सौंसरच्या वैशाखात पारा ४५ वर चढतो त्याला तो बिचारा ५५ म्हणाला असता! ही पट्टी त्याच्या मागून इतरांनी उलटी केली. डुप्ले या वर्षी पाँडिचेरीचा गव्हर्नर झाला, आणि रॉबर्ट क्लाइव्ह नावाचा सतरा वर्षांचा एक मुलगा अजून इंग्लंडातच होता. इतके पुरे.

आता अशा एका प्रांताकडे वळू जिथे याच वर्षी जन्मलेल्या मुलांच्या पाळण्यापाशी आपले नाव पोहोचले, आणि ते ज्या रीतीने पोहोचले ते सांगताना आपली मान ताठ राहत नाही. रघूजी भोसल्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर, म्हणजे भास्करपंत, १७४२ च्या वसंतात घोडदळ घेऊन बंगालवर उतरले. एप्रिलमध्ये बर्दवानपाशी त्यांनी नवाब अलिवर्दीखानाला घेरले. मे महिन्यात मुर्शिदाबादेवर धाड जाऊन जगतशेटची पेढी लुटली गेली. पावसाळ्यात काटव्यास छावणी पडली. तेथेच भास्करपंतांनी दुर्गापूजेचा उत्सव मांडला असता सप्टेंबरच्या अखेरीस अलिवर्दीने गंगा ओलांडून छापा घातला आणि मराठी फौज मागे हटली. कलकत्त्याच्या इंग्रज वखारवाल्यांनी धास्तीने शहराभोवती खंदक खणावयास घेतला, तोही याच सुमारास. तो पुरा झाला नाही आणि मराठे तिथवर गेलेही नाहीत. पुढे मार्च १७४४ मध्ये मनकरा येथे बोलणी करण्यास बोलावून अलिवर्दीने भास्करपंतांना दगा देऊन मारले.

आपल्या बखरी व शाळेची पुस्तके या मोहिमेचे वर्णन पराक्रम म्हणून करतात, तो होताही. पण ज्याला आपण बारगीर म्हणतो, म्हणजे सरकारी घोड्यावर बसणारा स्वार, त्याचे बंगालीत ‘बर्गी’ झाले, आणि तो शब्द तेथील अंगाईगीतात जाऊन बसला. बंगालमधील मुलाला झोपवताना आजही बर्गींची भीती घातली जाते. गंगाराम नावाच्या कवीने या स्वाऱ्यांच्या काळातच ‘महाराष्ट्र पुराण’ नावाचे काव्य रचले, त्यातही गावे सोडून पळणाऱ्या माणसांचे चित्र आहे. शके १६६४ मध्ये साताऱ्यात आणि पुण्यात जे पाळणे म्हटले गेले ते विरले. बर्दवान-वीरभूमकडचा पाळणा मात्र टिकला, आणि त्यात नागपूरकरांचे स्वार आहेत. पूर्वजांचा गौरव गाताना हा पाळणा वगळावा असे ज्यांस वाटते त्यांच्याशी आम्ही सहमत नाही.

भास्करपंत बंगालकडे निघाले त्या वेळी त्यांच्या धन्याचे ठाणे अजून नागपुरास नव्हते. रघूजींचे ठाणे वऱ्हाडात भाम येथे होते. आपल्या परिसरावर देवगडच्या गोंड घराण्याचा अंमल होता. या घराण्याचा मूळ पुरुष जाटबा. देवगडचा किल्ला छिंदवाड्याच्या डोंगराळ भागात आजही पडक्या स्थितीत उभा आहे. या घराण्यातला सर्वांत कर्तबगार राजा बख्त बुलंद शाह याने १७०२ मध्ये नागपूर वसविले. नागपूरचे रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स यांनी १८२७ मध्ये जो विस्तृत अहवाल लिहिला त्यात या राजाविषयी विशेष आदराने लिहिले आहे. हिंदू-मुसलमान असा भेद न करता गुणी माणसे त्याने पदरी ठेवली, ठिकठिकाणचे मेहनती लोक बोलावून आणले, गावे बसविली, शेती आणि व्यापार वाढविला. घाटावरचा बालाघाट आणि घाटाखालचा जेरघाट असे या मुलखाचे दोन भाग जुन्या कागदांत करतात. जेरघाट म्हणजे आपलाच सौंसरचा प्रदेश, जाम आणि कन्हान यांच्या काठची काळी जमीन. नवे कुणबी, माळी, तेली, कोष्टी यांना बसवण्यास यापेक्षा योग्य जागा राजाला दुसरी कोणती मिळणार होती?

बख्त बुलंदाचा मुलगा चांद सुलतान १७३९ च्या सुमारास वारला. वली शाहाने गादी बळकावली, आणि चांद सुलतानाच्या राणीने रघूजी भोसल्यांना मदतीस बोलाविले. रघूजींनी वली शाहाला हटवून राणीच्या मुलांना गादीवर बसविले, मोबदला घेतला आणि ते परत गेले. मग बुऱ्हाण शाह व अकबर शाह या दोघा भावांत वितुष्ट आले. १७४३ मध्ये बुऱ्हाण शाहाने रघूजींना पुन्हा बोलाविले आणि या खेपेस ते परत गेले नाहीत. बुऱ्हाण शाह नावाचा राजा राहिला, राज्य भोसल्यांचे झाले. त्याच वर्षी ऑगस्टच्या अखेरीस शाहू महाराजांनी पेशवे व रघूजी यांच्यातील तंटा मिटवून बंगाल-बिहार-ओरिसाचा मुलूख रघूजींच्या वाट्यास दिला. सारांश, १७४२ हे आपल्याकडे दोन राजवटींच्या उंबरठ्यावरचे वर्ष आहे.

आता आपल्या घरांच्या हकीकतीकडे येऊ. पांढुर्णा-सौंसरच्या मराठी घरांत आपण इकडे कधी आलो असे विचारले तर दहांपैकी बहुतेक ठिकाणी ‘रघूजी राजांबरोबर’ हे उत्तर ठरलेले असते. देशमुख, देशपांडे आणि पागेशी संबंध असलेली घराणी यांच्या बाबतीत ते खरे असण्याचा संभव पुष्कळ आहे. नव्या राजाला नवे दफ्तर व नवे अंमलदार लागतात. परंतु जी माणसे नांगर धरून आली त्यांनी स्वतःच्या हकीकतीस रघूजींचे नाव मागाहून जोडले असावे, अशी आमची अटकळ आहे. स्वाराबरोबर आलो असे म्हणण्यात मान होता, गोंड राजाने बोलावले म्हणून नांगर घेऊन आलो असे म्हणण्यात पुढच्या काळी तो उरला नाही. वस्तुतः दुसरी गोष्ट अधिक जुनी आणि, आमच्या मते, अधिक अभिमानाची आहे. ज्या घराचा एखादा पुरुष याच गावी १७४२ मध्ये किंवा त्याआधी जन्मला असे दाखविता येईल, ते घर भोसल्यांच्या मागून आलेले नाही. ते देवगडच्या राज्यात आधीच येथे होते.

हा केवळ वंशाच्या हौसेचा प्रश्न नव्हे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूर-विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. तेव्हापासून सरहद्दीच्या या बाजूला मराठी बोलणाऱ्यांनी आपण बाहेरून आलेले असे ऐकून घेतले आहे, आणि पुष्कळदा स्वतःही तसेच म्हटले आहे. २०२३ मध्ये पांढुर्णा हा निराळा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. जुना जेरघाट जणू पुन्हा एकत्र आला. अशा वेळी कोण केव्हापासून येथे आहे याचे उत्तर ऐकीव गोष्टीवर सोडणे बरे नव्हे. अर्थात या हिशेबात एक गोष्ट विसरता कामा नये. ज्यांच्या राज्यात आपण येऊन राहिलो ते गोंड आपल्या कितीतरी आधी येथे होते आणि आजही आहेत. ‘मूळचे’ या शब्दावर पहिला हक्क त्यांचा.

परंतु १७४२ मधला जन्म दाखवायचा तरी कसा? पत्रिका जोश्याच्या हातून होई, आणि ती सर्वांच्या घरी होत नसे. कास्तकाराच्या घरी मूल जन्मले की पाचवीच्या रात्री पाट मांडून पूजा करीत. सटवाई येऊन कपाळी लेख लिहिते म्हणून पाटाजवळ कोरा कागद आणि लेखणी ठेवण्याची चाल होती. त्या घरात त्या मुलाच्या जन्माशी संबंधित एवढाच एक कागद, आणि तो कोराच राहणार! वर्ष सांगायचे तर ते ‘मोठ्या पुरात’, ‘अमक्या दुष्काळात’, पुढच्या काळी ‘पेंढाऱ्यांच्या धामधुमीत’ अशा खुणांनी सांगत. गावाची स्मृतीही अशीच चालते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामध्ये जी गोटमार होते तिच्या मागची कथा इथल्या प्रत्येकाला येते. तिच्यात एका गावचा मुलगा आहे, दुसऱ्या गावची मुलगी आहे, मध्ये नदी आहे. वर्ष नाही, आणि नावे असलीच तर घरागणिक निराळी. गावाने घटना जपली, सन टाकून दिला. जन्म-मृत्यूचे आकडे ठाण्यावर कळविण्याचे काम कोटवाराकडे आले ते इंग्रजी अमदानीत, म्हणजे आपल्या वर्षानंतर शंभराहून अधिक वर्षांनी.

यावर कोणी म्हणेल की मोठ्या घरांतही तिथींचे घोळ आहेतच. ते खरे आहे. शिवछत्रपतींच्या जन्माचे वर्ष शके १५४९ की १५५१ हा वाद किती रंगला! लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली १९१६ मध्ये उजेडात आणली तेव्हा त्याला दिशा मिळाली. एका देशमुख घराण्याने जपलेल्या काही पानांनी जे काम केले ते अनेक बखरींना जमले नव्हते. जेधे हे मावळातले देशमुख. आपल्या बाजूच्या घरांतही दप्तरे होती. मालगुजारीच्या वाड्यांतून, माळ्यावरच्या पेट्यांतून रुमाल बांधलेले मोडी कागद आमच्या पिढीने स्वतः पाहिले आहेत. काहींना वाळवी लागली, काही वाटण्यांच्या भांडणात फाटले, काही तर दिवाळीच्या साफसफाईत गेले, कारण मोडी वाचणारा घरात कोणी उरला नव्हता. नानांच्या मेणवलीच्या वाड्यातील दफ्तर वाचले म्हणून एका फडणिसाचा रोजचा कारभार आपल्याला दिसतो. सौंसरच्या पाटलाच्या पेटीतही एका पट्टीचा वसूल, एका विहिरीचा तंटा, एका लग्नाचा खर्च दिसला असता.

उरलेले साधन म्हणजे वंशावळी आणि तीर्थोपाध्यायांच्या वह्या. पन्नाशीतील गृहस्थाने स्वतःपासून वर मोजीत गेल्यास, पिढीला पंचवीस ते तीस वर्षे धरता, १७४२ च्या आसपास जन्मलेला पुरुष साधारण आठवा किंवा नववा येतो. बहुतेक वंशावळींत या ठिकाणी एक नुसते नाव असते, पुढे-मागे काही नाही. पवार मंडळींच्या भाटांकडे नावांची साखळी याहून लांब मिळते. तीत गावे असतात ही मोठी सोय. स्त्रिया मात्र दोन्हीकडे नाहीत. माहेरचे नाव लग्नात पुसले जाई आणि सासरच्या वंशावळीत पुरुषांचीच फांदी वाढे. १७४२ मध्ये जन्मलेल्या मुली शोधण्याची वाट या कागदांतून जवळजवळ नाहीच. पेशव्यांच्या घरच्या गोपिकाबाई आणि गंगाबाई आपल्याला माहीत आहेत, त्या आई म्हणून.

तीर्थावरील वह्यांचे तसे नाही. त्र्यंबकेश्वर, नाशिक, प्रयाग, काशी येथील उपाध्यायांकडे गाव आणि आडनाव यांवरून वही काढतात. यात्रेकरू आपल्या हाताने, किंवा लिहिता येत नसल्यास उपाध्यायाच्या हाताने, आजा, बाप, स्वतः, भाऊ, मुलगे अशी नावे लिहून खाली शक घालतो. कधी कधी बरोबर आलेल्या बायकोचे आणि आईचे नावही लिहिलेले सापडते, आणि ते इतर कोठेच सापडत नाही. या वह्यांत जन्माचे वर्ष नसते, यात्रेचे असते. तरी तेवढ्याने काम भागते. समजा, शके १७०४ मध्ये एखादा गृहस्थ आईच्या अस्थी घेऊन त्र्यंबकास गेला, त्याने बरोबरचे दोन मुलगे आणि धाकटे भाऊ लिहिले, आणि गावाच्या जागी पांढुर्णे घातले. मुलगे लग्नाच्या वयाचे असतील तर बापाचे वय चाळिशीच्या आसपास धरण्यास हरकत नाही. तो शके १६६४ च्या सुमाराचा, म्हणजे नानांच्या आणि विश्वासरावांच्या बरोबरीचा. त्याच्या वर जर आजाचे नाव असेल आणि त्याच्यापुढेही पांढुर्णेच लिहिलेले असेल, तर त्या घराचा मुक्काम बख्त बुलंदाच्या काळापर्यंत जातो.

वही काढताना एक काळजी घ्यावी. गावांची नावे आजच्या रूपात लिहिलेली असतीलच असे नाही, आणि जुन्या नोंदीत जिल्हा म्हणून छिंदवाडा असण्याचा प्रश्नच येत नाही. परगणा देवगड किंवा प्रांत नागपूर या नावाखालीही पाहावे. आडनाव न मिळाल्यास जात आणि कुळ सांगून विचारावे. अक्षर बहुधा मोडी असेल. तेव्हा वाचणारा माणूस बरोबर न्यावा, आणि पानाचे छायाचित्र घेण्याआधी उपाध्यायांची परवानगी मागावी. त्यांच्या दृष्टीने ती वही म्हणजे यजमानांची ठेव असते.